धून डाव्या कानात होती

मामा,

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाला विहारात माझ्या हातात माईक दिला, तेव्हा मी दोनच वाक्यं बोलले. देवानंदमामा आमच्या मोहल्ल्यातले मोठे कलावंत होते आणि त्यांनी मला संगीताची आवड लावली, एवढंच. दुसरं वाक्य खरं नव्हतं. आवड मला टीव्हीवरच्या एका गेमनं लावली होती. तुमच्याकडून मिळालं ते वेगळंच होतं. ते सांगायचं तर तुमच्या डाव्या कानाबद्दल बोलावं लागलं असतं. समोर मामी बसली होती, प्रल्हादभाऊ बसले होते. मी माईक पुढच्या माणसाकडे दिला आणि सतरंजीवर खाली बसले.

तिथे राहून गेलं ते आता लिहिते आहे. तुम्हाला ठाऊक असलेलंही लिहीन, कारण ते माझ्या बाजूनं तुम्ही कधी ऐकलं नाही.

तुम्ही माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा, नातं तेवढंच. दिवसा तुम्ही जीनमध्ये मशीनवर असायचे, सरकीतून रुई वेगळी करणाऱ्या त्या मशीनच्या रांगेत, बावीस वर्षं. आणि संध्याकाळी प्रल्हादभाऊंच्या गायन पार्टीत कीबोर्ड वाजवायचे. घाटंजीपासून पांढरकवड्यापर्यंत कुठंही भीमगीतांचा कार्यक्रम असला की कीबोर्डवर देवानंद आहे का, असं लोक आधी विचारायचे. मी लहानपणापासून पाहिलेलं तुमचं रूप ते होतं: पांढरा शर्ट, मान थोडी डावीकडे वळलेली, उजवा कान गाणाऱ्याकडे. ती मान मला कलावंताची ऐट वाटायची.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळच्या एसटीनं यवतमाळला कॉलेज, दुपारी परत, आणि मग बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवायचं काम. क्लासच्या सरांनी रविवारची किल्ली माझ्याकडे दिली होती. आमच्या घरी भावाचा जुना टीव्ही गेम होता, कॅसेट लावायचा. त्यातल्या एका कॅसेटमध्ये पाणबुड्याचा गेम होता. समुद्राच्या तळाशी जायचं, मोती गोळा करायचे आणि टाकीतली हवा संपायच्या आत वर यायचं. शेवटच्या लेव्हलला एक धून वाजायची. वीस-पंचवीस सेकंदांची, पुन्हा पुन्हा तीच. भाऊ मोत्यांसाठी खेळायचा, मी त्या धुनेसाठी.

क्लासमधल्या एका सीडीवर संगीत बनवायचं सॉफ्टवेअर सापडलं आणि मी त्या धुनेचा रीमिक्स करायला घेतला. वाजवायला काही नव्हतं. माऊसनं एकेक सूर ठिपक्यासारखा ठेवायचा आणि ऐकायचा. चार महिन्यांचे रविवार त्यात गेले. इंटरनेटवर एक जागा होती, जिथे जगभरची हौशी माणसं जुन्या गेममधलं संगीत आपल्या पद्धतीनं बांधून पाठवायची, आणि तिथले परीक्षक ते ऐकून ठेवायचं की नाही ते ठरवायचे. मी पाठवलं. महिन्याभरानं इंग्रजीत दोन ओळी आल्या. आवाज स्वस्त वाटतो, सगळं एकात एक मिसळलं आहे. अजून तयार नाही.

मिसळलं आहे म्हणजे कुठे, कसं, आणि मी काय करू, हे काहीच नव्हतं. तेव्हा मला तुमची आठवण झाली. खरं सांगायचं तर तुमच्याकडून शिकायला नव्हतं बोलावलं, मामा. कुणीतरी चांगलं म्हणावं म्हणून बोलावलं होतं.

ती वर्षं कशी होती ते तुम्हाला मी काय सांगणार. पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत रोज आपल्याच तालुक्यातल्या गावांची नावं यायची आणि आई पेपर उलटा करून ठेवायची. कापूसच कमी येत होता, म्हणून जीन त्या वर्षी संक्रांत झाल्यावर लगेच थांबली. कार्यक्रमही कमी झाले होते. तुम्ही दिवसभर घरी बसलेले असायचे, आणि मी बोलावलं तेव्हा लगेच आलात. क्लासच्या दारात चपला काढल्यात. तिथे कुणीच काढत नसे.

हेडफोन लावून तुम्ही चारही मिनिटं ऐकलंत. मग पुन्हा ऐकलंत. मी तुमच्या तोंडाकडे पाहत होते. चांगलं म्हणाल, वाईट म्हणाल, मी दोन्हीला तयार होते. तुम्ही म्हणालात, "हे कोन्या जागी वाजते?"

मी म्हटलं, गेममध्ये.

"गेममध्ये कुठी? लग्नातलं वाजवनं अलग, मयतीतलं अलग. कोन्या जागचं हाय थे माहीत नसन तर मी काय सांगू तुले?"

आणि तुम्ही गेम बघायला आमच्या घरी आलात. नुसते बघायला नाही, खेळायलाही बसलात. तासभर तुमचा पाणबुड्या पहिल्याच लेव्हलला मरत होता. आई चहा घेऊन आली आणि इतकी हसली की कपबशी खाली ठेवावी लागली. शेवटी रिमोट मी घेतला आणि तुम्हाला शेवटच्या लेव्हलला नेलं. तिथे तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. हवा कमी होते तशी धून जलद होत जाते, हे मी हजार वेळा ऐकलं होतं. तुम्ही ते एकदाच ऐकून म्हणालात की याचा श्वास संपून राह्यला आणि तुझ्या गाण्यात श्वास घ्यायला जागाच नाही. तुझ्यात सगळेच वाजून राह्यले, थांबत कोणीच नाही.

आजवर माझ्या कामाबद्दल पुष्कळ जणांनी पुष्कळ सांगितलं. पण आधी जाऊन ती जागा बघून येणारे तुम्ही एकटेच.

पुढच्या रविवारी तुम्ही नीट सांगायला बसलात. आधी ठेवायचं काय ते सांगतो, म्हणालात. दुसऱ्या वळणावर खालचा जाड सूर येतो तो ठेव, त्याला हात लावू नको. तो कुणी शिकवला, असंही विचारलंत. कुणी शिकवला नव्हता. सुरुवातीचे बुडबुड्यांसारखे आवाज ठेव. मग काढायचं काय ते. ठेका पहिल्या क्षणापासून कशाला हवा, माणूस अजून पाण्यात उतरलाही नाही. टाळीसारखा आवाज प्रत्येक मात्रेला आहे, त्यानं कान थकतो. मी वहीत लिहून घेत होते आणि मनातून खूश होते. मग तुम्ही म्हणालात की मधे धून गायब होते.

मी म्हटलं, नाही होत.

तुम्ही म्हणालात, होते. दोन मिनिटांनंतर नुसता ठेका आणि मागचा घुमारा राहतो. धून कुठी गेली?

तो भाग माझा सगळ्यात लाडका होता. तिथे मी धून पूर्णपणे डाव्या कानात ठेवली होती आणि उजव्या कानात तिचे फक्त लांबून येणारे पडसाद. पाण्याखाली कुणी एका बाजूनं हाक मारावी तसं. ते करायला मला तीन रविवार लागले होते. मी तुम्हाला पुन्हा ऐकवलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, नाही येत. मी तिसऱ्यांदा ऐकवलं. मग मला राग आला. परीक्षकांच्या दोन ओळींचा रागही मी त्यातच घातला.

"हे हेडफोनचं म्युझिक हाय मामा. तुमच्या पार्टीतल्या भोंग्याचं नाई. तुमाले नाई समजणार."

तुम्ही हेडफोन काढून टेबलावर ठेवलात. "असन," म्हणालात. चपला घातल्या आणि गेलात.

आठवड्याभरानं क्लासच्या हेडफोनची तार तुटली आणि डावा कान बंद पडला. मी तसंच एका कानानं ऐकत बसले होते. दोन मिनिटांनंतर धून गायब झाली. नुसता ठेका आणि मागचा घुमारा. अगदी तुम्ही म्हणाला होतात तसं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मला वाटलं, त्या रविवारीही तार सैल असणार. म्हणजे चूक तुमचीही नव्हती, माझीही नव्हती, हेडफोनची होती. मी तो दुरुस्त करून घेतला, कॉलेजमधल्या मैत्रिणीकडून सीडी वाजवायचा छोटा प्लेअर मागितला, रीमिक्सची सीडी घातली आणि सरळ तुमच्या अंगणात आले.

जयंती जवळ आली होती, तालीम सुरू होती. प्रल्हादभाऊ होते, ढोलकीवाले होते, कोरसची दोन-तीन माणसं होती. मला थांबता आलं असतं. तालीम संपेपर्यंत मामीजवळ बसता आलं असतं. पण मला माफीसुद्धा सगळ्यांना दिसेल अशी मागायची होती. मी मोठ्यानं सांगितलं की मामा बरोबर होते, हेडफोनच खराब होता, आता ऐका. तुम्ही म्हणालात, नंतर ऐकू. मी ऐकलं नाही. तुमच्या डोक्यावर हेडफोन चढवला, उजव्या कानावरचा हातानं उचलून धरला आणि म्हटलं, आता डाव्या कानात नीट ऐका, धून तिथेच आहे.

तुम्ही थोडं थांबलात. मग मान हलवलीत. "हो. येऊन राह्यली. साफ येते."

मी प्लेअरकडे पाहिलं. बटण दाबलेलंच नव्हतं.

"मामा, म्या त् अजून सुरूच नाई केलं."

सगळे हसले. मीही हसले. सगळ्यात आधी हसले ते प्रल्हादभाऊ आणि सगळ्यात आधी थांबलेही तेच. ते उठले, तुमच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात काहीतरी बोलले. काय बोलले ते मला दोन हातांवरून ऐकू आलं. तुमचं नाव घेतलं होतं फक्त. तुम्ही माझ्याकडेच पाहत होता. मी अजूनही उजव्या कानावरचा हेडफोन उचलून धरलेला होता, आणि तो खाली सोडावा की नाही हे मला कळत नव्हतं.

बावीस वर्षं त्या मशीनच्या आवाजाकडे तुमची डावी बाजू होती, आणि तो कान गेला होता. मान डावीकडे वळवून बसायची सवय, स्टेजवर गाणारे नेहमी उजव्या हाताला हवेत हा हट्ट, कुणी डावीकडून हाक मारली तर तुम्ही न बघणं, हे सगळं मला त्या एका मिनिटात समजलं. प्रल्हादभाऊंनाही समजलं. त्यांना वाईट म्हणायची माझी तेव्हाही छाती नव्हती आणि आताही इच्छा नाही. गाणारा मधेच ओळ उचलतो, कोरस डावीकडून येतो, वाजवणाऱ्याला ते ऐकू यायला हवं. दोन वर्षांपासून मधे मधे चुकत होतं आणि ते सांभाळून घेत होते, असं त्यांनी नंतर माझ्या वडिलांना सांगितलं. त्या जयंतीला कीबोर्डवर कळंबचा एक माणूस बसला. तुम्ही कार्यक्रमाला आलात, पांढरा शर्ट घालून, आणि लोकांमध्ये बसलात. जीन बंद, पार्टी बंद. तुमच्याजवळ जे होतं ते तीन-चार महिन्यांत गेलं, आणि त्यातलं एक माझ्या हातानं.

मी तुमच्या गल्लीतून जाणं सोडलं. बसस्टँडला मागच्या रस्त्यानं जायचे. तीन आठवडे गेले.

मग एका रविवारी क्लासच्या दारात तुम्ही उभे होतात. चपला काढत होता. हातात एक घडी घातलेला वहीचा कागद होता. त्या दिवशीची सीडी तुमच्यापाशीच राहिली होती, ती घरी लावून ऐकत बसलो, म्हणालात. कागदावर पेन्सिलीनं मिनिटं आणि सेकंद मांडलेले होते आणि पुढे तुमचं मोठ्या अक्षरातलं लिहिणं. शून्य मिनिट चाळीस: इथून ठेका येऊ दे, आधी नको. एक मिनिट पाच: हे लय चांगलं. एक मिनिट तीस: इथे दोन बाजे एकाच जागी बसले, एकाला वर पाठव. दोन मिनिटांपासून तीनपर्यंत तुम्ही फक्त एक ओळ लिहिली होती, आणि ती वाचून दाखवायची जबाबदारी माझ्यावर न टाकता स्वतःच म्हणून दाखवलीत.

"डावीकडं ठेवलं थे उजवीकडं बी थोडं दे. सगळ्यायचे दोन्ही कान चालतेच असं नाई."

तुमच्या आवाजात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. नव्हता. तुम्ही काम सांगत होता. मी कागद घेतला आणि कॉम्प्युटर सुरू केला. माफीचं तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुम्ही खुर्ची ओढून माझ्या डाव्या हाताला बसला होतात, उजवा कान माझ्याकडे करून. मला वाटलं, हेच ठीक आहे.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, मामा. दोन्ही बाजू एकत्र करून एकाच कानात कसं ऐकायचं ते मी शोधून काढलं, आणि तसं ऐकलं तेव्हा कळलं की माझे कितीतरी सूर एकमेकांना खाऊन टाकत होते. परीक्षक ज्याला मिसळलं आहे म्हणाले होते ते हेच. त्यांनी दोन ओळींत झटकलेलं तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. एखादी जागा पटली नाही की तुम्ही टेबलावर बोटांनी वाजवून दाखवायचे आणि मग विचारायचे, आता तुला काय वाटते ते सांग. माझं म्हणणं पूर्ण होईपर्यंत पुढे जात नव्हता. पाणबुड्या वर वळतो त्या जागी तुम्ही सगळं काढायला लावलंत आणि एकच सूर ठेवायला लावलात. ऐकणाऱ्याला इथे श्वास घेऊ दे, म्हणालात. मी सतरा बाजे मुके केले. त्या एका सुरानं अंगावर काटा आला.

तुमचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. तुम्हाला प्रत्येक ठिकाणी बासरी हवी असायची. इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाला तुम्ही गिरणी म्हणायचे. आणि शेवटावरून आपलं जे वाजलं ते कधी मिटलंच नाही.

मला शेवट विरत जाणारा हवा होता. धून हळूहळू खोल पाण्यात जाते आणि ऐकू येईनाशी होते. तो वर आला की नाही ते कळतच नाही. मला ते फार कलात्मक वाटत होतं. तुम्हाला ते मुळीच चालत नव्हतं. तुम्ही म्हणत होतात, गेममध्ये तो वर येतो ना, मी स्वतः पाहिलं. मी म्हणायचे, रीमिक्स म्हणजे आपलं म्हणणं. असे तीन रविवार गेले. शेवटी तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "रोज पेपरात वाचतोच ना आपन. याले तरी वर येऊ दे वं."

मी तेव्हा वीस वर्षांची होते. मला वाटलं, मामा भावनेच्या भरात बोलतात, संगीतात असं चालत नाही. मी माझाच शेवट ठेवला. तुम्ही एवढंच म्हणालात की गाणं तुझं आहे, ठरवायचं तू. पुन्हा तो विषय काढला नाहीत. तुमच्यासारखं सांगणं मला थोडंफार जमलं, पण सांगून झाल्यावर असं बाजूला होणं अजून जमत नाही.

या वेळी परीक्षकांनी ठेवलं. तुम्हाला मी सायबर कॅफेत नेलं आणि लोकांनी लिहिलेलं एकेक वाचून मराठीत सांगितलं. कुणी त्या एका सुराबद्दल लिहिलं होतं. कुणी शेवट आवडला म्हणालं, कुणी नाही. कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसानं लिहिलं होतं की तो बसमध्ये एकच इयरफोन लावून कामावर जातो, आणि या रीमिक्सचं काहीच सुटलं नाही, म्हणून त्यानं दोनदा ऐकला. ते मी तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही बराच वेळ हसत होतात, खांदे हलवत, आवाज न करता. "तिकडं बी हायेत मंग आपल्यातले," म्हणालात.

प्रल्हादभाऊ तुमच्याकडे परत आले ते पुढच्या वर्षी. कीबोर्डसाठी नाही. साउंड सांभाळायला. मंडपात जेवढे भोंगे आणि जेवढे बॉक्स, सगळ्यांतून एकच आवाज जातो, तिथे डावं-उजवं काही नसतं. आणि गर्दीत मागच्या माणसाला शब्द कळतो की नाही हे तुमच्याइतकं कुणाला समजत नव्हतं. तुम्ही मंडपाच्या मागे मिक्सरजवळ उभे राहायचे, उजवा कान स्टेजकडे. पार्टीचा आवाज सुधारला, असं लोक म्हणू लागले. हे सांगताना मला असं म्हणायचं नाही की सगळं भरून निघालं. मी एकदा विचारलं होतं, कीबोर्डची आठवण येते का. तुम्ही तुमच्या बोटांकडे पाहिलंत. यायले येते, म्हणालात, मले नाई, या बोटायले.

माफी मागायचा प्रयत्न मी एकदाच केला. मला नागपूरला नोकरी लागली होती, शाळेच्या मुलांसाठी ध्वनिफिती बनवणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत. त्याआधी आई, मामी, तुम्ही आणि मी कळंबला एका लग्नाला गेलो होतो. परत येताना एसटीत तुम्ही खिडकीशी, मी तुमच्या उजवीकडे. मी म्हटलं, मामा, त्या दिवशी अंगणात जे झालं. तुम्ही म्हणालात, कायले उकरतं. मग नागपुरात खोली कुठे घेतली, पाणी येते का, ते विचारत राहिलात. मी समजले की तुमच्या मनात काही नाही. मला तसं समजणं सोयीचं होतं.

आज माझ्याकडे नवीन माणसं त्यांचं काम घेऊन येतात. कुणी गेमचं संगीत करतं, कुणी गोष्टींना आवाज देतं. मी त्यांना आधी विचारते, हे कुठे वाजणार आहे. मग ठेवायचं काय ते सांगते. मग बाकीचं, सेकंद लिहून. लोक म्हणतात, मॅडम छान समजावून सांगतात. मी त्यांना तुमचं नाव सांगते, पण अंगणातलं सांगत नाही. चांगलं सांगणं मी तुमच्याकडून शिकले, आणि ते शिकण्याआधी तुमच्याशी काय करून बसले, या दोन गोष्टी मला कधी एका दमात सांगता आल्या नाहीत.

परवा नागपूरला निघायच्या आधी मामीला भेटायला गेले. ती एकटीच होती. तिनं चहा ठेवला आणि मी काही न विचारता बोलायला लागली. म्हणाली, तुला एक गोष्ट माहीत नाही. त्या दिवशी तालमीवरून सगळे गेल्यावर मामा आत येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दोन दिवस जेवले नाहीत. ती त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलत होती आणि मग तिला आठवायचं की इकडून ऐकू जात नाही, मग उठून पलीकडे जायची. ते रडत होते. आता मी कशाचाच नाही राह्यलो, असं म्हणत होते. तिनं माझं नाव काढलं तर म्हणाले, पोरीले सांगजो नको. तिले वाटन तिनं केलं.

तिसऱ्या दिवशी उठले, म्हणाली. भाकर खाल्ली. मग तिच्याकडे पेन्सिल मागितली. आता कायले पेन्सिल, असं तिनं विचारलं. तर म्हणाले, "प्रज्ञीचं काम अर्धं राह्यलं."

मामा, इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला फारसं लागलं नव्हतं, म्हणून तुम्ही आलात. तुम्हाला लागलं होतं, आणि तरी तुम्ही आलात.

माझं चुकलं, मामा.